कटावीत अर्धा राहिलेला वाद

काका,

आपल्या वाटाड्याचा, एलायसचा मेसेज आलाय. पाऊस संपला, कटूमा नदी उतरायला लागली, गवत अजून कमरेएवढं आहे पण आपण येईपर्यंत बसेल, असं त्याने कळवलंय. शेवटी विचारलंय, 'डॉक्टर कसे आहेत? त्यांना सांग, गुडघ्याची कारणं यंदा ऐकून घेणार नाही.' त्याला कळवायला हवं. रोज सकाळी फोन उघडतो, 'एलायस, आपले डॉक्टर' इथपर्यंत लिहितो आणि पुसून टाकतो. टांझानियाच्या त्या पश्चिम टोकाला, कटावीच्या जंगलात, एका माणसाच्या मनात, तुम्ही अजून चालताय. मी कळवेपर्यंत चालत राहाल.

तुम्ही गेलात तेव्हा आपल्या कॅरी गावातल्या सगळ्या गाड्यांवर पाइनच्या परागाची पिवळी भुकटी बसली होती. तुमच्या गाडीवरही. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गडबडीत ती कोणी पुसली नाही. मग एका सकाळी काकूच बादली घेऊन बाहेर आल्या आणि गाडी धुवायला लागल्या. मी धावत गेलो तर म्हणाल्या, "तू बाजूला हो. मला काहीतरी करू दे." मी पाण्याचा पाइप धरून उभा राहिलो. त्या दिवसापासून मला काकूंची थोडी भीती वाटायला लागली आहे. आणि आज तुमच्याशी बोलायला बसलोय ते त्यांच्याबद्दलच.

पण आधी थोडं आपलं बोलू दे. तेवढी सवलत द्या.

मी एमएससाठी आलो तेव्हा मला या गावात कोणी ओळखत नव्हतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी आमचं सायकल दुरुस्तीचं दुकान. घरात पदवी घेतलेला मी पहिला. मंडळाच्या गणपतीत मी कोपऱ्यात कागदी ताटली धरून उभा होतो. तुम्ही आलात आणि ना नाव विचारलंत, ना युनिव्हर्सिटी. म्हणालात, "गाडी येते चालवायला?" मी म्हटलं, सायकल येते. "मग बॅलन्स आहे. रविवारी ये."

बंद पडलेल्या मॉलच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये तुम्ही मला गाडी शिकवलीत. शेजारी बसून ऑपरेशन थिएटरमधल्या आवाजात सांगायचात, "हं, आता हळूच डावीकडे. काही होत नाही." मी दिव्याचा खांब घासला तेव्हाही आवाज तोच. "काही होत नाही. खांबाला सवय आहे." मला आजपर्यंत अनेकांनी अनेक गोष्टी शिकवल्या. न घाबरवता शिकवणारे तुम्ही पहिले. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. असं काही बोलायला गेलं की तुम्ही चष्मा पुसायला घ्यायचात.

तुमच्या आफ्रिकेबद्दल मी आधी काकूंकडूनच ऐकलं. "यांना माणसांचा कंटाळा आला की हे जनावरांकडे जातात," असं त्या पाहुण्यांसमोर म्हणायच्या. "मी कुठेतरी मधे आहे." सगळे हसायचे, तुम्हीही. दर एक-दोन वर्षांनी तुम्ही निघायचात. जिथे मोठी हॉटेलं आहेत, एका सिंहाभोवती वीस गाड्या उभ्या राहतात, तिथे नाही. नकाशावर नाव शोधावं लागेल अशा ठिकाणी. झांबियात पायी, चाडमध्ये कुठेतरी, आणि पुन्हा पुन्हा कटावीला. "आयुष्यभर लोकांना झोपवलं," तुम्ही म्हणायचात, "आता जरा जागं राहायला जातो." तुम्ही भूलतज्ज्ञ. हा विनोद मी किमान दहा पार्ट्यांत ऐकला असेल. आता पुन्हा ऐकायला काहीही देईन.

मला बरोबर चल म्हणालात तेव्हा मी सरळ नाही म्हटलं होतं. आमच्या गावाच्या पलीकडे जंगल सुरू होतं. मोहफुलं वेचायला बाया पहाटे जायच्या, आणि मोठमोठ्याने बोलत जायच्या. वाघाला कळावं की माणसं येताहेत, त्याने वाट सोडावी. एका उन्हाळ्यात शेजारची शांताकाकी परत आली नाही. त्यानंतर मी जंगलाकडे पाठ केली ती केलीच. हे सगळं तुम्हाला सांगितलं. तुम्ही नीट ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मग तर तूच हवास. मला न घाबरणारा सोबती नको. मागच्या वेळी एक होता, फोटोसाठी सिंहाकडे चालायला लागला."

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "जंगलातून काढाले तुले शिकवलं, अन् तू इमानात बसून जंगलातच चालला? कोन्त्या डाक्टरानं सांगतलं तुले?"

"डॉक्टरांनीच सांगितलं, आई."

तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही इतके हसलात की काकू स्वयंपाकघरातून बघायला आल्या.

कटावीचे ते दिवस. छोटं विमान गवतात उतरलं, आपल्याला आणि आपल्या पिशव्यांना ठेवून उडून गेलं, आणि जी शांतता पसरली तिच्यात मी विमान गेलं त्या दिशेला बघत उभा राहिलो. एलायस जीपला टेकून उभा होता. तुम्ही त्याला मिठी मारलीत. तिथे असेपर्यंत आपल्याला दुसरी एकही पाहुण्यांची गाडी दिसली नाही. त्सेत्से माश्या जाड पँटीतूनही चावायच्या. मी शिव्या घातल्या की तुम्ही म्हणायचात, "नमस्कार कर तिला. हिच्या चाव्याने गुरं मरतात, म्हणून गुरं घेऊन इथे कोणी वस्ती केली नाही. हे जंगल तिने राखलंय."

नदी आटून जिथे डबकं उरलं होतं तिथे पाणघोडे चिखलात एकमेकांवर रेलून पडले होते. इतके की त्यांच्याखालचं पाणी दिसत नव्हतं. वास असा की मी नाकाला रुमाल लावला. काठाच्या मातीत बिळं होती आणि बिळांत मगरी. तुम्ही घडीचं स्टूल उघडून सावलीत बसलात आणि जेवायच्या वेळेपर्यंत उठला नाहीत. कॅमेरा नाही, दुर्बीण मांडीवर तशीच. मी विचारलं, काय बघताय? म्हणालात, "बघत नाहीये. बसलोय." मला काही कळलं नाही. चौथ्या दिवशी मीही तसाच बसलो होतो, आणि कोणीतरी जेवायला हाक मारली तेव्हा मला वाईट वाटलं.

चालायची रांग आठवते? पुढे बंदूकवाला रेंजर, मग एलायस, मग मी, माझ्या मागे तुम्ही. बोलायचं नाही, हा नियम. उंच गवत आलं आणि माझी गावची सवय आपोआप जागी झाली. मी मोठ्याने बोलायला लागलो. काय बोलत होतो देव जाणे, बहुतेक ऑफिसचं काहीतरी. एलायस थांबला.

"हा काय म्हणतोय?"

"वाघाला सांगतोय, आम्ही येतोय म्हणून," तुम्ही म्हणालात.

"इथे वाघ नाहीत."

"त्याच्या गावाला आहेत. तो घेऊन आलाय."

एलायस हसला नाही. म्हणाला, अशा दाट गवतात रानम्हशी झोपलेल्या असतात, तेव्हा आम्हीही टाळ्या वाजवतो. तुझ्या गावची माणसं बरोबर करतात. इथून पुढे मात्र गप्प. आणि स्वतःच दोन टाळ्या वाजवून चालायला लागला. शांताकाकी गेली तेव्हापासून कोणीतरी असं काहीतरी म्हणावं अशी मी वाट बघत होतो, हे मला त्या गवतात कळलं. मागे वळून बघितलं तर तुम्ही नुसती मान हलवलीत, चल म्हणून.

आणि मग ती दुपार.

आपला मुक्काम चिंचेच्या मोठ्या झाडांखाली होता. चिंच मुळात आफ्रिकेतली, आपल्याकडे नंतर आली, असं तुम्ही सांगत होतात आणि मी ते मान्य करायला तयार नव्हतो. जेवण झालं होतं, सगळे आडवे झाले होते, आपण दोघे खुर्च्यांवर. पडलेल्या चिंचा खायला हत्ती रोज यायचे. त्यांना माणसांशी देणंघेणं नसायचं. त्या दिवशी एक मोठा नर आला, चिंचांशी थांबला आणि सोंड वर केली. हवेत काहीतरी शोधलं. मग आपल्याला ओलांडून, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून, थेट तुमच्या तंबूकडे गेला.

माझा श्वास अडकला होता. तुम्ही माझ्या मनगटावर हात ठेवलात आणि हळू म्हणालात, "श्वास घ्या. सावकाश. मी इथेच आहे." मला तुम्ही कधी अहो-जाहो केलं नव्हतं. तुमच्या तोंडून ते आपोआप निघालं, टेबलावर झोपलेल्या माणसाशी बोलावं तसं. किती हजार लोकांनी झोपी जाताना तो आवाज शेवटचा ऐकला असेल. मी श्वास घेतला.

हत्तीने तंबूची जाळी फाडली, सोंड आत घातली आणि तुमची पिशवी बाहेर ओढली. झटकली. शर्ट, औषधांचा डबा, मोजे, जादाच्या बुटांचा जोड. एका बुटातून पांढऱ्या सुती कापडाची पुरचुंडी पडली. ती त्याने अलगद उचलली, झटकून कापड टाकून दिलं, आणि आतलं सगळं तोंडात घातलं. मग जसा आला तसा गेला.

तुम्ही कापड उचललंत आणि वास घेतलात. काकूंची आंबापोळी. हापूसच्या डब्यातला रस ताटांत पसरून, घरामागच्या डेकवर वाळवून, खारींपासून दिवसभर राखण करून केलेली. तुम्हाला न सांगता त्यांनी बुटात घालून दिली होती.

एलायसला तसं चिडलेलं मी एकदाच पाहिलं. तंबूत फळाचा तुकडासुद्धा ठेवायचा नाही, हे त्याने पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तंबूत खायला मिळतं हे हत्तीला कळलं की तो प्रत्येक तंबू फाडतो, माणसं घाबरतात, आणि शेवटी गोळी हत्तीला बसते. दुसऱ्या दिवशी मुक्काम हलवावा लागला. तुम्ही खाली मान घालून ऐकलंत. "चूक माझी," एवढंच म्हणालात. काकूंचं नाव काढलं नाहीत.

मी ते संध्याकाळी काढलं.

"काकूंना हा नियम माहीतच नव्हता."

"कसा असेल?"

"तुम्ही सांगितला नाहीत म्हणून."

"काय सांगू? हत्ती तंबूशी येतात म्हणून सांगू? ती मला घराबाहेर पडू देईल का?"

"मग त्यांनाच घेऊन या ना एकदा."

"तिला नाही आवडणार."

"विचारलंत कधी?"

"प्रवीण, चाळीस वर्षं संसार केलाय मी."

"म्हणजे विचारलं नाहीत."

तुम्ही चष्मा पुसायला घेतलात. मग म्हणालात, "इथे तिला काही झालं तर विमान येईपर्यंत मी काय करू शकतो आणि काय नाही, ते मला नीट माहीत आहे. माझा धंदाच तो होता. तिला इथे आणलं तर मला एक क्षण दुसरं काही दिसणार नाही."

"आणि तुम्हाला काही झालं तर?"

"माझं मी बघेन."

"त्यांचं त्यांनी नाही बघायचं?"

"तू मला शिकवू नकोस," तुम्ही म्हणालात. इतक्या वर्षांत तुमचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला. मग लगेच उतरवलात. "घरी गेल्यावर बोलू."

मी एवढा का अडून बसलो, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. माझ्या आईला आयुष्यात कोणी काही विचारलं नाही. लग्न, गाव, किती शिकायचं, काहीच नाही. आमच्याकडे ते असंच असतं, असं समजून मी मोठा झालो. तुमच्या घरी आलो तेव्हा वाटलं, इथे वेगळं आहे. तुम्ही काकूंसाठी चहा करायचात, त्यांच्या बागेला पाणी घालायचात, त्यांनी मारलेल्या टोमण्यांवर सगळ्यांत मोठ्याने हसायचात. तुमच्याकडून माझी अपेक्षा फार वाढली होती. ती तुमची चूक म्हणता येणार नाही.

परतीच्या सगळ्या विमानांत तुम्ही खिडकीकडे तोंड करून होतात. एअरपोर्टवर काकू न्यायला आल्या होत्या. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "सापडली का? बुटात ठेवली होती."

"सापडली की," तुम्ही म्हणालात. "छान होती."

मी मागच्या सीटवर होतो. तुम्ही आरशात माझ्याकडे बघितलंत. मी गप्प बसलो.

त्यानंतर आपण कितीदा भेटलो. तळ्याभोवती चाललो, तुमच्या डेकवर बसलो, यंदाच्या ऑगस्टचं ठरवलं, नकाशे पाहिले. तो विषय तुम्ही काढला नाहीत, मीही नाही. मला वाटायचं, पुन्हा त्या चिंचेखाली बसलो की निघेल आपोआप. वेळ आहे, असं वाटायचं.

तेराव्याला आलेली माणसं गेल्यावर मी भांडी पुसत होतो. काकूंनी मागून विचारलं, "प्रवीण, एक खरं सांगशील? ती आंबापोळी यांना आवडली नव्हती का? आल्यावर दोनदा विचारलं, 'छान होती' याच्यापलीकडे गेलेच नाहीत."

काका, तुम्ही नको म्हणाला असतात. पण त्या तशा उभ्या असताना मला खोटं बोलता आलं नाही. सगळं सांगितलं.

त्यांनी ऐकलं. मग विचारलं, "सगळी खाल्ली?"

"सगळी."

"आणि कापड?"

"ते टाकून दिलं."

"शहाणा आहे," काकू म्हणाल्या आणि हसायला लागल्या. ओट्याला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ते पाणी मग थांबेना. "हे मला का नाही सांगितलं रे त्यांनी? किती हसलो असतो आम्ही दोघं."

मी हातातलं ताट पुसत राहिलो. थोड्या वेळाने त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तुमचं ऑगस्टचं ठरलं होतं ना?"

"कॅन्सल करतोय मी."

"करू नकोस. मी येते."

दुसऱ्याच दिवशी सनीव्हेलहून ऋताताईचा फोन आला. "आईने मला काय सांगितलंय माहितेय? शी इज सेव्हन्टी वन, प्रवीण. बाबा जाऊन महिना नाही झाला, ती धड विचार करत नाहीये. तुझं ऐकते ती. प्लीज, तू नाही म्हण. बाबांनी तिला कधी नेलं नाही, काहीतरी विचार करूनच ना?"

हो, विचार करूनच. आणि तो विचार तुम्ही फक्त मला सांगितला होता. तेव्हा माझी काय अवस्था झाली ते बघा. तुमची बाजू मांडायला या जगात मी एकटाच उरलोय, आणि मीच तुमच्याविरुद्ध होतो. तुम्ही असतात तर मी बिनधास्त भांडलो असतो. तुम्ही उत्तर दिलं असतंत, मी चिडलो असतो, काकूंनी दोघांना गप्प केलं असतं. पण उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसाशी वाद जिंकायचा तरी कसा? दोन रात्री झोप लागली नाही. एकदा वाटायचं, तुमची शेवटची इच्छा समजून नाही म्हणावं. एकदा वाटायचं, ती इच्छा कसली, ती तर भीती. मग वाटायचं, तुमच्या भीतीला नाव ठेवणारा मी कोण? माझ्या भीतीला तुम्ही कधी नाव ठेवलं नाहीत.

शेवटी ठरवलं, तुमची बाजू आपण मांडायची. पूर्ण. तुम्ही मांडली असती तशी. मग काकूंनी ठरवावं.

शनिवारी गेलो. काकू मेथी निवडत बसल्या होत्या. मी समोर बसलो आणि एकेक सांगायला लागलो. माश्या. ऊन. लहान विमानाचे हेलकावे. डॉक्टर नाही, फोन नाही, सॅटेलाइट फोनवरून बोलावलं तरी विमान उजेड असतानाच येणार.

"टॉयलेट?"

"खड्डा. वर लाकडी खुर्ची. भोवती कापड."

"आमच्या कोकणात आजोळी तेवढं कापडसुद्धा नव्हतं. पुढे?"

"जनावरं मुक्कामात येतात, काकू. सिंहसुद्धा."

"माझ्या आजोळी बिबट्या गोठ्यात यायचा. आजी पत्र्याचा डबा वाजवायची." एवढ्यात मागच्या अंगणात हरणं आली, मेथीच्या वाफ्यापाशी. काकू उठल्या, स्टीलचं ताट आणि पळी घेऊन डेकवर गेल्या आणि ते असं बडवलं की शेजारचा कुत्राही घरात पळाला. परत येऊन बसल्या. "हं. पुढे?"

"पुढे काका काय म्हणाले होते ते सांगतो." आणि मी सांगितलं. एक शब्द न बदलता. इथे तिला काही झालं तर विमान येईपर्यंत मी काय करू शकतो आणि काय नाही, ते मला नीट माहीत आहे. तिला इथे आणलं तर मला एक क्षण दुसरं काही दिसणार नाही.

काकूंचे हात थांबले.

"असं म्हणाले?"

"हो."

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी मेथीच्या काड्या गोळा करत बसलो. मग त्या म्हणाल्या, "मला इतकी वर्षं वाटायचं, तिथे त्यांना मी नको असते. घर, मी, सगळ्यांपासून दूर जायला मिळावं म्हणून जातात. मी तो टोमणा मारायचे ना, जनावरांचा. गंमत नव्हती रे ती."

काका, हे तुम्हाला माहीत होतं का? मला नव्हतं. मी त्या टोमण्यावर प्रत्येक वेळी हसलोय. तुम्ही सगळ्यांत मोठ्याने हसायचात. तुमच्या दोघांच्या मनात एकमेकांबद्दल जे होतं, ते दोघांनीही मला सांगितलं, एकाने कटावीत, एकीने कॅरीत, आणि मधे तुम्ही निघून गेलात. मी जर तेव्हा गाडीतच बोललो असतो तर, हा विचार मनात येतो. मग वाटतं, ते तुम्ही बोलायला हवं होतं. आणि तुम्ही बोलला असतात. ऑगस्टला, त्या झाडाखाली, माझ्याशी वाद हरून, परत आल्यावर बोलला असतात. मी तसंच धरून चाललोय. मला दुसरं काही धरता येत नाही.

मी हो म्हटलं, काका. काकूंना. ऋताताईलाही कळवलं. ती आधी रडली, मग म्हणाली, "ओके. पण ते सॅटेलाइट फोनचं मला नीट समजावून सांग." काकूंच्या डॉक्टरांनी तपासून ठीक आहे म्हटलंय. आता मुक्कामात कुठल्याही तंबूत काय न्यायचं नाही ते काकूंना तोंडपाठ आहे, आणि त्या मलाच विचारून विचारून भंडावतात. एलायसला सगळं आजच लिहिणार आहे. ते टाळणं आता शक्य नाही.

रागवा तुम्ही. माझी तयारी आहे. खरं सांगायचं तर तुमच्या रागाची वाट बघतोय. फोन वाजला की अजून पहिल्यांदा वाटतं, तुम्हीच. 'तू मला शिकवू नकोस' असं म्हणायला का होईना.

काल संध्याकाळी आम्ही तळ्याभोवती चालायला गेलो होतो. काकू रोज थोडं थोडं वाढवताहेत. चालता चालता मी म्हटलं, "एलायसला कळवतो, काकांच्या जागी तुमचं नाव घालायला."

काकू थांबल्या. दम लागलाय असं वाटून मी बाक शोधायला लागलो. पण त्यांना दम लागला नव्हता.

"त्यांच्या जागी नको," त्या म्हणाल्या. "त्यांच्या जागी मी कशी येईन? नवीन माणूस येतंय म्हणून सांग. बोलावलं नव्हतं, तरी येतंय."

आणि पुढे चालायला लागल्या. मी मागे राहिलो. आयुष्यात इतक्या वेळा तुमच्याकडे वळून बघितलंय की तेव्हाही बघितलं. तुमचा चेहरा कसा झाला असता ते मला काही केल्या डोळ्यांसमोर आणता येईना.